प्रॅक्टिकलचे आवर्तन चुकवू नका

बारावीचा निकाल लागला, की जुन्नर-आंबेगावच्या गावागावांतून बरीच मुले-मुली बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नाव घालतात. कोणी जुन्नरच्या श्री शिवछत्रपती महाविद्यालयात जाते, कोणी मंचरच्या अण्णासाहेब आवटे महाविद्यालयात, कोणी ओतूरच्या अण्णासाहेब वाघिरे महाविद्यालयात, तर कोणी नारायणगावला ग्रामोन्नती मंडळाच्या महाविद्यालयात. प्रवेशाच्या दिवशी वडील सोबत जातात, फी भरतात, आणि "आता पोरगं जाणे अन् कॉलेज जाणे" असे म्हणून निर्धास्त होतात. कांद्याचा भाव रोज विचारणारा आपला शेतकरी कॉलेजचे नियम मात्र वर्षभरात एकदाही विचारत नाही.

या नियमांत सर्वांत कडक नियम असतात ते रसायनशास्त्राचे. कारण हा विषय नुसता वाचून येत नाही, तो हाताने करावा लागतो. गावोगावी फिरताना दिसते ते असे, की पहिल्या वर्षाला मागे पडणारी सगळीच मुले काही डोक्याने कमी नसतात. बऱ्याच वेळा कारण घरातच असते. पश्चिम पट्ट्यात भाताची लावणी असते, सातगाव पठारावर बटाट्याची काढणी असते, बागायतीत द्राक्षाचे डिपिंग आणि पुढे कांदा काढणी असते, आणि चैत्रात गावची यात्रा असते. "एक दिवस नाही गेलं तर काय बिघडतंय?" असे घरातले म्हणतात. काय बिघडते ते नीट समजून घ्यावे, म्हणून हा लेख.

वर्षभरात काय शिकवतात?

ही महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाच्या २०१९ च्या रचनेत पहिल्या सत्रात भौतिक रसायन व सेंद्रिय रसायन, दुसऱ्या सत्रात असेंद्रिय रसायन व वैश्लेषिक रसायन, आणि दोन्ही सत्रांत प्रात्यक्षिकाचा स्वतंत्र विषय होता. ५० गुणांच्या पेपरात ३५ गुण विद्यापीठाच्या परीक्षेला आणि १५ गुण वर्गातल्या चाचण्या, गृहपाठ वगैरे अंतर्गत कामाला असत. २०२४-२५ या वर्षापासून संलग्न महाविद्यालयांत नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे अभ्यासक्रम सुरू झाला. विषयांची मांडणी बदलली, पण गाभा तोच राहिला: तासाला बसणे, प्रयोग करणे, वही पुरी करणे आणि वर्षभर थोडे थोडे गुण मिळवत जाणे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'सेंद्रिय रसायन' म्हणजे सेंद्रिय शेती नव्हे. कार्बन या मूलद्रव्याच्या संयुगांचा अभ्यास म्हणजे सेंद्रिय रसायन. त्या अर्थाने साखर, दारू, युरिया हे जसे सेंद्रिय, तसे क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशकही सेंद्रियच. शब्द एकच, पण दुकानदाराच्या तोंडी त्याचा अर्थ वेगळा आणि प्राध्यापकांच्या तोंडी वेगळा. पोराने घरी येऊन हा फरक समजावून सांगितला, तर फीचे पैसे वसूल व्हायला लागले असे समजावे.

हजेरीचा हिशेब

विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे सत्र मान्य होण्यासाठी ७५ टक्के हजेरी लागते. ऐकायला हे सोपे वाटते. आता कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करू.

नवीन पद्धतीत अभ्यासाचे माप 'श्रेयांका'त होते. मुले त्याला क्रेडिट म्हणतात. वर्गातल्या शिकवण्याचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास, आणि प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास. दोन श्रेयांकांचे प्रात्यक्षिक असेल तर सत्रात ६० तास झाले. एका बॅचचा आठवड्यातून एक वार आणि त्या दिवशी चार तास धरले, तर सत्रभरात प्रॅक्टिकलचे दिवस भरतात १५. त्याचे ७५ टक्के म्हणजे सव्वाअकरा, म्हणजे १२ दिवस हजर राहिलेच पाहिजे. हातात उरले फक्त ३.

आता दुसऱ्या सत्राकडे पाहा. एक वार कांदा काढणीत गेला, एक मामाच्या मुलीच्या लग्नात, एक यात्रेत. झाले तीन. पुढे ताप आला, एस.टी. बंद पडली, ओढ्याला पाणी आले तर एकही दिवस शिल्लक नाही. वर्गातला तास बुडाला तर मित्राची वही आणून उतरवता येते. प्रयोग उतरवून घेता येत नाही. काचेची भांडी, रसायने, वजनकाटा आणि शिकवायला उभे असलेले प्राध्यापक त्या दिवसापुरते त्या बॅचचे असतात. दुसऱ्या दिवशी तेथे दुसरी बॅच उभी असते.

आपल्याला ही गोष्ट नवी नाही. कुकडी प्रकल्पाचे आवर्तन सुटले आणि आपल्या चारीला पाणी आले, त्या रात्री कितीही थंडी असली तरी आपण बॅटरी आणि खोरे घेऊन बांधावर उभे असतो. त्या वेळी आपण घरी झोपलो तर पाणी खालच्या चारीला जाते, परत येत नाही. प्रॅक्टिकलचा वार हे मुलाचे आवर्तन आहे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

म्हणून प्रवेश झाल्यावर पहिल्या आठवड्यातच मुलाला विचारा, "तुझ्या प्रॅक्टिकलचा वार कोणता?" तो वार घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. मजुरांचे टोळके ठरवताना, लग्नाची तारीख धरताना त्या खुणेकडे पाहा. कांदा काढायला सहा दिवस आहेत, तो एक दिवस पोराला सोडायला हरकत नाही.

जर्नल म्हणजे काय?

प्रत्येक प्रयोगाची नोंद एका वहीत करायची असते, तिला जर्नल म्हणतात. प्रयोगाचा उद्देश, कृती, आलेली मापे, आकडेमोड आणि निष्कर्ष त्यात लिहायचे आणि प्राध्यापकांची सही घ्यायची. सत्राच्या शेवटी जर्नलवर प्रमाणपत्र मिळते. प्रमाणित जर्नल नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. शेवटच्या आठवड्यात रात्र रात्र जागून वही पुरी करणारी मुले घरोघरी दिसतात. त्यांचे अक्षर सुंदर असते, पण त्या वहीत शिकलेले काही नसते.

यात आणखी एक खोड आहे. ब्युरेट नावाच्या नळीतून थेंब थेंब द्रावण सोडून मोजमाप करायचे असते. तिच्यावर मिलिलिटरच्या दहाव्या भागाच्या खुणा असतात. एकच प्रयोग पुन्हा पुन्हा करून मापे जुळली पाहिजेत. ती जुळली नाहीत, की काही मुले शेजाऱ्याचा आकडा उचलतात. याला ते 'रीडिंग जुळवणे' म्हणतात. प्राध्यापकांची अपेक्षा नेमकी उलटी असते. चुकीचा आला तरी स्वतःचा आकडा लिही, आणि तो का चुकला ते शोध.

माती परीक्षणातही हेच आहे. प्रयोगशाळेत सेंद्रिय कर्ब काढतात तो अशाच ब्युरेटने. आपण एकरातल्या आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' आकाराचा खड्डा घेऊन, माती एकत्र करून, चार भाग पाडत अर्धा किलो नमुना काढायचा असतो. तसे न करता गोठ्याजवळची मूठभर माती पिशवीत भरून पाठवली, तर अहवाल छापील येईल, शिक्का असेल, पण तो आपल्या शेताचा नसेल. खोट्या आकड्यावर टाकलेले खत वाया जाते, तसे खोट्या आकड्यावर मिळवलेले गुणही पुढच्या वर्षी उपयोगाला येत नाहीत.

प्रयोगशाळेचे नियम आणि आपली फवारणी

प्रयोगशाळेच्या दारावर नियमांची पाटी असते. त्यातले मुख्य नियम असे: अंगात सुती ॲप्रन हवा. पायात बंद बूट हवेत, चप्पल चालणार नाही. मोकळे केस बांधावेत. डोळ्यांना चष्मा असावा. आत काही खाऊ-पिऊ नये. पिपेट तोंडाने ओढू नये, रबरी फुगा वापरावा. चिठ्ठी नसलेल्या बाटलीला हात लावू नये. काम झाल्यावर हात धुवावेत. हे नियम मोडणाऱ्याला त्या दिवशी बाहेर काढले जाते. पालकांना ते जाचक वाटते. "बूट नव्हते म्हणून परत पाठवलं" अशी तक्रार कानावर येते.

आता हीच पाटी आपल्या बांधावर आणून लावू. फवारणी करताना आपण अनवाणी असतो. पंपाचा नोझल तुंबला की तोंडाने फुंकतो. औषधाचे हात पॅन्टला पुसून तंबाखू मळतो. उरलेले औषध थंड पेयाच्या बाटलीत भरून कोनाड्यात ठेवतो. पंप विहिरीच्या थारोळ्यात नाहीतर कालव्यात धुतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. ती माणसे आपल्यासारखीच रोज फवारणी करणारी होती.

कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत चौकोन असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा मध्यम, हिरवा किंचित विषारी. प्रयोगशाळेत बाटलीवरची चिठ्ठी आधी वाचायची सवय लागलेले पोर घरी आले, तर डब्यावरचा चौकोनही तेच आधी पाहील. तेव्हा कॉलेजने बुटाची सक्ती केली तर रागावू नका. त्याच बुटाने घरचा माणूस वाचणार आहे.

आणखी एक नियम पहिल्या वर्षी पक्का करून घेतात: आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीही ओतायचे नाही. तीव्र गंधकाम्लात पाणी पडले की एकदम इतकी उष्णता होते, की द्रावण उसळून तोंडावर येते. ज्यांच्याकडे ठिबक आहे आणि बोअरचे पाणी जड आहे, ते ड्रिपर साफ करायला आम्ल सोडतात. तेथे हाच नियम. आधी बादलीत पाणी, मग हळूहळू आम्ल. दूध संकलन केंद्रावर फॅट काढताना हेच गंधकाम्ल वापरतात, म्हणून तेथील मुलांनाही हा नियम माहीत असलाच पाहिजे.

पुस्तकातले रसायन बांधावर

पहिल्या वर्षाचे रसायनशास्त्र आणि आपली शेती यांत वाटते तेवढे अंतर नाही. काही उदाहरणे घेऊ.

द्राक्षबागायतदार एक टक्का बोर्डो मिश्रण करतात. १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात, १ किलो चुना ५० लिटर पाण्यात, आणि मोरचुदाचे द्रावण ढवळत ढवळत चुन्याच्या निवळीत. भांडे प्लॅस्टिकचे, लोखंडी नाही. मिश्रण जमले का हे पाहण्यासाठी जुने लोक विळ्याचे पाते त्यात बुडवतात. पात्यावर तांबूस थर बसला तर आणखी चुना लागतो. लोखंड हे तांब्याला द्रावणातून बाहेर काढते आणि ते तांबे पात्यावर बसते. कॉलेजात याला विस्थापन अभिक्रिया म्हणतात. आजोबांना कृती माहीत होती, नातवाला कारण माहीत होईल. दोन्ही एकत्र आले तर बागेचे भलेच होईल.

जी. ए. चे माप 'पीपीएम'मध्ये सांगतात. एक पीपीएम म्हणजे एका लिटरला एक मिलिग्रॅम. १ ग्रॅम पावडर १०० लिटर पाण्यात गेली की १० पीपीएम झाले. ही आकडेमोड पहिल्या वर्षाला द्रावणाच्या धड्यात येते. टोपणाच्या अंदाजाने औषध टाकणाऱ्या घरात हे गणित जाणणारे एक माणूस असणे ही मोठी गोष्ट आहे.

विद्राव्य खतांत कॅल्शियम नायट्रेट आणि अमोनियम सल्फेट एकाच टाकीत टाकले की तळाला पांढरा साका बसतो आणि ठिबक तुंबते. तो साका म्हणजे जिप्सम. कोणते क्षार पाण्यात विरघळतात आणि कोणते एकत्र आले की खाली बसतात, हे प्रयोगशाळेतल्या परीक्षानळीत दिसते.

आणि पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी बांधवांच्या हिरड्याचे काय? हिरड्यात टॅनिन असते, म्हणून कातडी कमावायला त्याला मागणी. हिरडा चिरताना लोखंडी विळ्यावर काळा डाग पडतो, तो टॅनिन आणि लोह यांच्या संयोगाचा. कॉलेजात फिनॉल ओळखायला फेरिक क्लोराइडचे थेंब टाकतात आणि रंग बदलतो. तीही लोह वापरून केलेली त्याच जातीची परीक्षा आहे. डोंगरातून आलेल्या मुलाने "हे मी घरी पाहिलंय" असे वर्गात न लाजता सांगावे.

भाषेची अडचण

दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाला पुढे पुस्तक इंग्रजी लागते. वर्गात सर मराठीत समजावून देतात, पण पेपर इंग्रजीत लिहायचा असतो. अनेकांचा धीर इथेच सुटतो. यावर एक साधा उपाय आहे. छोटी वही करून एका बाजूला शाळेतला शब्द आणि समोर कॉलेजातला शब्द लिहायचा. आम्ल म्हणजे ॲसिड, आम्लारी म्हणजे बेस, क्षार म्हणजे सॉल्ट, द्रावण म्हणजे सोल्युशन, उत्प्रेरक म्हणजे कॅटॅलिस्ट, ऊर्ध्वपातन म्हणजे डिस्टिलेशन. रोज पाच शब्द केले तर दोन महिन्यांत तीनशे होतात. मुलाला विषय आधीच येत असतो, फक्त त्याचे नाव बदललेले असते. आणि समजले नाही तर विचारावे. प्रश्न विचारणारा विद्यार्थी प्राध्यापकांना नको असतो, हा समज खोटा आहे. गप्प बसणाऱ्याचे नेमके काय अडले हे त्यांना कळत नाही, म्हणून मदत करता येत नाही.

गावच्या कारभाऱ्यांनी काय करावे?

हा विषय एकट्या पालकाचा नाही. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी भाऊसाहेब यांचाही त्यात वाटा आहे.

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरावे लागतात, आणि त्यासाठी उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा दाखला लागतो. दाखल्यासाठी मुलाला तालुक्याला दोन-दोन हेलपाटे घालावे लागले, आणि तो नेमका प्रॅक्टिकलचा वार निघाला, तर आपणच त्याची हजेरी कापली असे होते. बारावीच्या निकालाआधी, मे महिन्यातच, गावात एक दिवस ठरवून सगळ्या मुलांचे दाखल्यांचे अर्ज एकदम भरून घेतले तर जून-जुलैची धावपळ वाचेल.

आदिवासी विद्यार्थ्यांना वसतिगृहाची आणि ज्यांना वसतिगृह मिळत नाही त्यांना स्वयम् योजनेची चौकशी घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करता येते. डोंगरातून रोज ये-जा करून सकाळचे प्रॅक्टिकल गाठणे अवघड आहे. राहण्याची सोय झाली तर निम्मे काम झाले.

एस.टी.चा मुलींचा मोफत पास बारावीपर्यंतच असतो. पुढे सवलतीचा विद्यार्थी पास काढावा लागतो, हे अनेक घरांना कॉलेज सुरू झाल्यावर कळते. गाडीची वेळ आणि कॉलेजची वेळ जुळत नसेल तर ग्रामपंचायतीने ठराव करून आगाराला द्यावा. एकट्या मुलाच्या अर्जापेक्षा गावाच्या ठरावाला वजन असते.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मुलाचे एक वर्ष गेले तर घरातले म्हणतात, "पुढच्या वेळी काढेल." मुलीचे वर्ष गेले की त्याच घरात स्थळांची चर्चा सुरू होते. म्हणजे मुलीला तिसरी-चौथी गैरहजेरी फार महाग पडते. कांदा काढायला कोणाला थांबवायचे हे ठरवताना पहिले बोट तिच्याकडे जाऊ नये.

पुढे उपयोग काय?

"रसायन शिकून करणार काय?" हा प्रश्न पारावर हमखास निघतो. निवृत्तीनगरच्या विघ्नहर आणि पारगावच्या भीमाशंकर या आपल्या कारखान्यांत उसाच्या रसाचा ब्रिक्स, पोल तपासणारे लोक रसायनशास्त्र शिकलेलेच लागतात. दूध संघ, माती-पाणी तपासणी, औषध कंपन्या, द्राक्षाच्या निर्यातीसाठी औषधांचे अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळा, सगळीकडे हीच विद्या. कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी २०१५ पासून शैक्षणिक अट आली, आणि रसायनशास्त्र घेऊन झालेली विज्ञान पदवी त्या अटीत बसते. गावातले कृषी सेवा केंद्र आपल्याच पोराने चालवावे आणि गिऱ्हाइकाला चौकोनाचा रंग दाखवून औषध द्यावे, यापेक्षा चांगली सेवा कोणती?

शेतकरी बंधू-भगिनींनो, फार काही मागणे नाही. प्रॅक्टिकलचा वार कॅलेंडरवर लिहा. ॲप्रन आणि बूट पहिल्याच आठवड्यात घेऊन द्या. महिन्यातून एकदा जर्नल उघडून बघा. आतले कळले नाही तरी चालेल, सही झाली का एवढे पाहा. सत्रातून एकदा कॉलेजात जाऊन हजेरीचा तक्ता विचारा. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, तेव्हा शेजाऱ्याच्या मुलाच्या सांगण्यावर न जाता कार्यालयातली सूचना स्वतः वाचा. किती विषय राहिले तर पुढच्या वर्गात जाता येते, हेही तेथेच विचारून घ्या.

कांद्याचा भाव आपल्या हातात नाही, पाऊस हातात नाही. पोराचा प्रॅक्टिकलचा वार मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. तेवढा त्याला द्या.